मूळ संख्यांचा पाठलाग करणारे कोसंबी

प्रभादेवी स्थानकाला लागूनच असलेल्या परळवरून डेक्कन क्वीन न थांबता जाते. स्वातंत्र्याच्या आगेमागे या गाडीने पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्यांत एक गणिती होते, दामोदर धर्मानंद कोसंबी. महाराष्ट्र त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. नोकरी मात्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि ध्यास मूळ संख्यांचा.

१९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, १९४४ साली त्यांनी जनुकांमधले अंतर मोजण्याचे सूत्र दिले. गुणसूत्रांची जोडी आपसात तुकडे बदलते. एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणे अवघड जाते. आधीचे हॉल्डेन यांचे सूत्र हा अडथळा धरत नव्हते. कोसंबींनी तो धरला. पिकांच्या आणि आजारांच्या जनुकांचे नकाशे काढताना हे सूत्र आजही वापरतात.

मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. १०० पर्यंत त्या २५ आहेत, १,००० पर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. पुढे जावे तशा विरळ होतात, पण नेमकी पुढची कुठे हे सरासरीवरून कळत नाही. अपघात विभागासारखेच आहे हे: तासाला सरासरी चार रुग्ण येतात एवढे ठाऊक असते, पुढच्या तासाचे कोण सांगणार? प्रत्यक्ष मोजणी अंदाजापासून फार भरकटत नाही, असे सुचवणारे रीमान यांचे १८५९ चे गृहीतक अजून सिद्ध झालेले नाही.

१९५९ साली कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या आधारे ते सिद्ध केल्याचा दावा केला, तोही कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि ते रास्तच होते. नाणेफेकीतून उभ्या केलेल्या जवळजवळ सगळ्या मालिका अशा वागतील, एवढेच संभाव्यता सांगते. मूळ संख्यांची मालिका एकच, आणि ती नाणेफेकीतून आलेली नाही. गुणसूत्रांत शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर परिणाम हेरणाऱ्या माणसाने इथे मात्र संख्यांना एकमेकींपासून मोकळे मानले, हे चटका लावणारे आहे.

दाव्याने त्यांची पत घसरली. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा बरी, हे त्यांचे मतही होमी भाभांना रुचणारे नव्हते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. कोसंबी थांबले नाहीत. एस. ड्यूक्रे या टोपणनावाने मूळ संख्यांवर लेख छापत राहिले, त्यावर पुस्तकही लिहिले. ते प्रकाशित झाले नाही.

२८ जून १९६६ रोजी घरच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले. २९ च्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ५८.