गियेर्मो स्ताबिले

गियेर्मो स्ताबिले (जन्म: १७ जानेवारी १९०५, बुएनोस आइरेस; मृत्यू: डिसेंबर १९६६, बुएनोस आइरेस) हे आर्जेन्टिनाचे फुटबॉल खेळाडू व प्रशिक्षक होते. १९३० साली उरुग्वेमध्ये झालेल्या पहिल्या फिफा विश्वचषक स्पर्धेत त्यांनी सर्वाधिक ८ गोल केले. त्या स्पर्धेतील चार सामने वगळता त्यांनी आर्जेन्टिनासाठी एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद (आताची कोपा आमेरिका) सहा वेळा जिंकले. एकाच प्रशिक्षकाने मिळवलेल्या विजेतेपदांचा हा विक्रम आजही अबाधित आहे.

प्रारंभिक कारकीर्द

स्ताबिले यांचा जन्म बुएनोस आइरेसच्या दक्षिण भागातील पार्के पात्रिसियोस या कामगार वस्तीत झाला. याच परिसरातील ऊराकान या क्लबातून त्यांनी खेळाची सुरुवात केली. त्या काळी आर्जेन्टिनातील फुटबॉल अधिकृतपणे हौशी स्वरूपाचे होते. स्ताबिले संघात असताना ऊराकानने १९२५ व १९२८ या वर्षांची अजिंक्यपदे जिंकली. बचावफळीतील फटी हेरून वेगाने आत शिरण्याच्या कौशल्यामुळे त्यांना 'एल फिल्त्रादोर', म्हणजे शिरकाव करणारा, हे टोपणनाव मिळाले.

१९३०चा विश्वचषक

विश्वचषकासाठी स्ताबिले यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय संघातर्फे एकही सामना खेळलेला नव्हता. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यातही त्यांना संधी मिळाली नाही. त्यानंतर कर्णधार मानुएल फेरेइरा विद्यापीठाच्या परीक्षेसाठी बुएनोस आइरेसला परतले आणि संघात जागा रिकामी झाली. १९ जुलै १९३० रोजी मेक्सिकोविरुद्ध स्ताबिले प्रथमच मैदानात उतरले. आर्जेन्टिनाने तो सामना ६-३ असा जिंकला व त्यांपैकी तीन गोल स्ताबिले यांचे होते. ही विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक असल्याचे अनेक दशके मानले जात होते. २००६ साली फिफाने अमेरिकेच्या बर्ट पेटनॉड यांनी दोन दिवस आधी पॅराग्वेविरुद्ध केलेली हॅटट्रिक मान्य केली व पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे गेला.

फेरेइरा परतल्यानंतरही स्ताबिले यांचे स्थान कायम राहिले. चिलीविरुद्ध त्यांनी दोन गोल केले. उपांत्य सामन्यात आर्जेन्टिनाने अमेरिकेचा ६-१ असा पराभव केला, त्यातही त्यांचे दोन गोल होते. अंतिम सामना ३० जुलै रोजी मोंतेविदेओ येथील सेन्तेनारियो मैदानावर यजमान उरुग्वेविरुद्ध झाला. कोणाचा चेंडू वापरायचा यावर एकमत न झाल्याने पूर्वार्ध आर्जेन्टिनाच्या व उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवण्यात आला. स्ताबिले यांनी ३७व्या मिनिटाला गोल करून आर्जेन्टिनाला २-१ अशी आघाडी मिळवून दिली. ते ऑफसाइड असल्याचा दावा उरुग्वेच्या खेळाडूंनी केला, परंतु पंचांनी गोल ग्राह्य धरला. मध्यंतरानंतर उरुग्वेने तीन गोल करून सामना ४-२ असा जिंकला. चार सामन्यांत आठ गोल करूनही स्ताबिले यांना उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले.

युरोपातील वर्षे

विश्वचषकानंतर काही महिन्यांतच स्ताबिले इटलीतील जेनोआ क्लबात दाखल झाले. बोलोन्याविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी तीन गोल केले. मात्र पाय मोडण्याच्या गंभीर दुखापतींमुळे त्यांचा खेळ दीर्घकाळ खंडित झाला. १९३४-३५ चा हंगाम ते नापोलीकडून खेळले व नंतर जेनोआत परतले. १९३६ ते १९३९ या काळात ते पॅरिसच्या रेड स्टार क्लबात होते. तेथे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका त्यांनी सांभाळल्या. १९३९ साली रेड स्टारने फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले.

परदेशी गेलेल्या खेळाडूंना त्या काळी आर्जेन्टिनाच्या संघात सहसा स्थान मिळत नसे. १९३४च्या विश्वचषकाला आर्जेन्टिनाने हौशी खेळाडूंचा संघ पाठवला आणि तो पहिल्याच सामन्यात स्वीडनकडून पराभूत झाला. लुइस मोन्ती, राइमुन्दो ओर्सी यांसारखे आर्जेन्टिनात जन्मलेले खेळाडू त्याच स्पर्धेत इटलीकडून खेळून विश्वविजेते झाले. स्ताबिले इटलीच्या संघातून कधीही खेळले नाहीत. त्यामुळे १९३० सालचा अंतिम सामना हाच त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, १९३९ मध्ये, स्ताबिले मायदेशी परतले व वयाच्या ३४व्या वर्षी त्यांच्याकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे आली. हे पद त्यांनी १९५८ पर्यंत सांभाळले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आर्जेन्टिनाने १९४१, १९४५, १९४६, १९४७, १९५५ आणि १९५७ साली दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद जिंकले. १९४५ ते १९४७ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवण्याची कामगिरी अन्य कोणत्याही देशाला साधलेली नाही.

१९४०च्या दशकात रिव्हर प्लेटच्या 'ला माकिना' (यंत्र) या नावाने गाजलेल्या आघाडीतील होसे मानुएल मोरेनो, आदोल्फो पेदेर्नेरा, आंखेल लाब्रुना यांच्यासारखे खेळाडू स्ताबिले यांच्या संघात होते. १९४७ साली इक्वाडोरमधील ग्वायाकिल येथे झालेल्या स्पर्धेत तरुण आल्फ्रेदो दि स्तेफानो यांनी सहा गोल केले.

राष्ट्रीय संघाबरोबरच स्ताबिले क्लबांनाही मार्गदर्शन करीत. त्यांच्या प्रशिक्षणाखाली बुएनोस आइरेस प्रांतातील आवेयानेदा येथील रेसिंग क्लबाने १९४९, १९५० व १९५१ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. १९३१ साली सुरू झालेल्या व्यावसायिक स्पर्धेत अशी कामगिरी करणारा रेसिंग हा पहिलाच क्लब होता.

विश्वचषकाविना दोन दशके

आर्जेन्टिनाच्या या बहराच्या काळात त्या संघाला विश्वचषकात खेळता आले नाही. महायुद्धामुळे १९४२ व १९४६ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत. ब्राझीलच्या महासंघाशी बिघडलेल्या संबंधांमुळे आर्जेन्टिनाने १९५०च्या स्पर्धेतून माघार घेतली आणि १९५४ च्या स्पर्धेतही भाग घेतला नाही. दरम्यान १९४८च्या खेळाडूंच्या संपानंतर दि स्तेफानो, पेदेर्नेरा आदी प्रमुख खेळाडू कोलंबियातील क्लबांकडे गेले. जगाने स्ताबिले यांच्या संघाला पाहिले ते मोजक्या मैत्रीपूर्ण सामन्यांत. १४ मे १९५३ रोजी बुएनोस आइरेस येथे आर्जेन्टिनाने इंग्लंडचा ३-१ असा पराभव केला. त्या सामन्यातील एर्नेस्तो ग्रियो यांच्या गोलाच्या स्मरणार्थ आर्जेन्टिनात १४ मे हा फुटबॉलपटू दिन म्हणून पाळला जातो.

१९५८चा पराभव

१९५७ साली पेरूतील लिमा येथे स्ताबिले यांच्या तरुण संघाने ब्राझीलला ३-० असे हरवून विजेतेपद निश्चित केले. कोर्बात्ता, मास्चियो, आंखेलियो, सिवोरी व क्रूस ही त्या संघाची आघाडीची फळी 'कारासुसियास', म्हणजे मळक्या तोंडाची पोरे, या नावाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर लगेचच मास्चियो, आंखेलियो व सिवोरी हे तिघे इटलीतील क्लबांनी करारबद्ध केले आणि पुढील वर्षीच्या विश्वचषकासाठी त्यांना संघात घेण्यात आले नाही.

१९५८ साली स्वीडनमध्ये आर्जेन्टिना २४ वर्षांनी विश्वचषकात उतरला. त्या संघात ३९ वर्षांचे लाब्रुना यांनाही स्थान द्यावे लागले. पश्चिम जर्मनीकडून १-३ असा पराभव पत्करल्यानंतर संघाने उत्तर आयर्लंडला ३-१ असे हरवले. १५ जून रोजी हेलसिंगबोर्ग येथे चेकोस्लोव्हाकियाने मात्र त्यांचा ६-१ असा धुव्वा उडवला. विश्वचषकातील हा आर्जेन्टिनाचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव आहे. मायदेशी परतलेल्या संघाला विमानतळावर संतप्त जमावाला तोंड द्यावे लागले. १९ वर्षांच्या यशानंतर स्ताबिले यांना प्रशिक्षकपद गमवावे लागले.

अखेरची वर्षे

१९६० साली स्ताबिले अल्पकाळ राष्ट्रीय संघाकडे परतले आणि कोस्टा रिकामध्ये झालेली पॅनअमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा आर्जेन्टिनाने त्यांच्या प्रशिक्षणाखाली जिंकली. त्यानंतर त्यांनी फुटबॉल प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय विद्यालयाचे संचालकपद स्वीकारले व मृत्यूपर्यंत ते या पदावर होते. डिसेंबर १९६६ मध्ये वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पहिल्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू अशी स्ताबिले यांची जगभर ओळख आहे. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग प्रशिक्षणात गेला आणि त्यातील यश दक्षिण अमेरिकेपुरते मर्यादित राहिले. विश्वचषकाने त्यांना दोनदाच संधी दिली. पहिल्या वेळी अवघ्या अकरा दिवसांत ते जगप्रसिद्ध झाले, तर दुसऱ्या वेळी आठ दिवसांतील तीन सामन्यांनी त्यांची दीर्घ कारकीर्द झाकोळली. या दोन स्पर्धांच्या दरम्यान जिंकलेल्या सहा अजिंक्यपदांमुळे आर्जेन्टिनाच्या फुटबॉलमध्ये त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.