महेलिया जॅक्सन : गाणे हवे, शेजार नको

शहरात भाड्याची खोली शोधताना आधी नाव, मग गाव आणि शेवटी आडनाव विचारणारा घरमालक आपल्यापैकी पुष्कळांना भेटला आहे. उत्तर ऐकल्यावर खोली कालच गेल्याचे त्याला एकाएकी आठवते. हाच अनुभव अमेरिकेतील एका जगप्रसिद्ध गायिकेलाही आला. तिचे गाणे गोऱ्यांना हवे होते, पण तिचा शेजार नको होता. तिचे नाव महेलिया जॅक्सन.

महेलिया यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ रोजी दक्षिण अमेरिकी संस्थानांतील न्यू ऑर्लिन्स या शहरात झाला. त्यांच्या आजी-आजोबांचा जन्म गुलामगिरीतला. वडील गोदीत राबत, केस कापत आणि रविवारी धर्मोपदेश करीत. आई लवकर वारली. मावशीने सांभाळ केला, पण घरकामाच्या रगाड्यात शाळा अर्धवटच सुटली. घराजवळ गरिबांचे एक चर्च होते. तेथे ढोल, टाळ्या आणि पायांचा ठेका यांवर भक्तिगीते चालत. तो ठेका लहानग्या महेलियाच्या अंगात मुरला.

दक्षिणेत त्या काळी काळ्या माणसाला मताचा अधिकार नावापुरताच होता. शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, आगगाडीचा डबा वेगळा. उलट बोलणाऱ्याला जमाव झाडाला फासावर लटकवी. या जाचाला कंटाळून १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे लोक गाव सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. शिकागोत १९१० साली त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९४० साली ती पावणेतीन लाखांवर गेली. महेलियाही शिकागोला आल्या.

पण शहरात आले म्हणजे अस्पृश्यता सुटली असे तेथेही झाले नाही. १९१९ साली तलावात पोहणारा एक काळा मुलगा गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. त्याच्यावर दगड पडले, तो बुडून मेला आणि पेटलेल्या दंगलीत ३८ माणसे प्राणास मुकली. पुढे अनेक भागांत घराच्या खरेदीखतातच अट घालू लागले की हे घर काळ्याला विकू वा भाड्याने देऊ नये. त्यामुळे सारे आलेले लोक दक्षिण भागातील ब्राँझव्हिल नावाच्या अरुंद पट्ट्यात कोंबले गेले. एकेका घराचे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले.

त्या पट्ट्यातील एका इमारतीची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९१ साली पुरी झालेली ही वास्तू मूळची ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर. तेही परदेशातून आलेलेच. ते दुसरीकडे राहावयास गेले आणि १९२२ साली काळ्या लोकांनी ती विकत घेऊन तेथे पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च थाटले. २००६ साली ती आगीत जळाली. वस्ती कशी बदलली हे ज्याला अभ्यासायचे असेल त्याने एवढेच विचारावे : या भिंतींत आधी कोणाचे गाणे घुमले आणि नंतर कोणाचे?

नंतर तेथे घुमले ते थॉमस डॉर्सी यांचे गाणे. जॉर्जियाहून आलेले डॉर्सी पूर्वी ब्लूज वाजवीत. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी एक गीत रचले. ब्लूजची आर्तता आणि भक्तीचे शब्द एकत्र आले. या गायनाला गॉस्पेल म्हणतात. डॉर्सी आणि महेलिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून छापील गाणी १० सेंटला एक अशी विकत.

महेलियांनी कपडे धुतले, मोलकरणीचे काम केले, पुढे स्त्रियांच्या केशभूषेचे दुकान काढले. सुखवस्तू काळ्यांच्या चर्चमध्येही त्यांना नाके मुरडली जात. टाळ्या वाजवणे, अंग डोलवणे त्यांना गावंढळ वाटे. खालच्याला खालचा शोधण्याचा हा रोग सगळीकडे सारखाच! क्लबांत ब्लूज गाऊन पैसा मिळाला असता, पण तो महेलियांनी नाकारला. १९४७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका गीताच्या लाखो प्रती खपल्या. १९५० साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्या गायल्या.

१९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की खरेदीखतातील ती अट न्यायालये अमलात आणणार नाहीत. अट गेली, मन गेले नाही. १९५६ साली महेलियांनी चॅटहॅम या गोऱ्यांच्या भागात घर घेतले. धमक्यांचे फोन आले, खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, दारात पोलीस बसवावे लागले. महेलिया हलल्या नाहीत. हलले ते शेजारी. १९५० साली जवळजवळ पूर्ण गोरा असलेला हा भाग १९७० पर्यंत जवळजवळ पूर्ण काळा झाला. काळे आले की वस्ती बिघडते अशी ओरड होती. प्रत्यक्षात कष्टाने वर आलेल्या काळ्या कुटुंबांनी ती नीटनेटकी राखली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी महेलिया गायल्या. १९६६ साली किंग घरांच्या प्रश्नावर शिकागोत लढले, तेव्हा मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा खून झाला. ९ एप्रिलला त्यांच्या अंत्यविधीत महेलियांनी डॉर्सींचे ते दुःखातून जन्मलेले गीत गायिले. दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

१९७१ साली महेलिया भारतातही येऊन गायल्या. २७ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, कायदा १९६८ साली आला. पण त्याच्या बारा वर्षे आधी एक बाई फुटक्या काचांच्या घरात दिवा लावून राहिली होती. पुढच्या वेळी खोली नाकारली गेली तर आपल्या मुलांना ही कथा सांगा आणि दुसऱ्या दारावर ताठ मानेने थाप मारा.