ऊन-सावलीचा विद्यार्थी

नारायण श्रीधर बेंद्रे यांचे नाव घेताच रंगांच्या असंख्य ठिपक्यांतून साकारलेली ग्रामीण स्त्रियांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ही चित्रे त्यांच्या मुंबईतील उत्तरायुष्यातली. त्यामागची रंगदृष्टी मात्र त्यांनी कितीतरी आधी, इंदूरच्या उघड्या निसर्गात, तैलरंगांत निसर्गचित्रे रंगवताना कमावली होती.

२१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरच्या मराठी कुटुंबात बेंद्रे यांचा जन्म झाला. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी इंदूरमध्ये कलाशाळा सुरू केली होती. तेथे ते दाखल झाले. देवळालीकर मास्तर विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढीत. समोरचे दृश्य घोटून, गुळगुळीत रंगवण्याऐवजी त्यावर पडलेला प्रकाश टिपावा, हा त्या शाळेचा संस्कार होता. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी हीच वाट घालून दिली होती. सावली काळी नसते, तिच्यात निळा-जांभळा रंग असतो. रंग पॅलेटवर फार मिसळला तर तो मळतो, पण शुद्ध रंगांचे फटकारे शेजारी शेजारी ठेवले तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच ते एकजीव होतात. ऊन सरकण्याआधी चित्र पुरे करायचे असल्याने हाताला वेग आणि नजरेला निवड शिकावीच लागते. बेंद्रे हे सारे तेथे शिकले.

इंदूरचे विद्यार्थी सरकारी पदविकेसाठी मुंबईची परीक्षा देत. बेंद्रे यांनीही ती दिली आणि मुंबईच्या कलाजगताशी त्यांचे नाते जुळले. पुढे काही वर्षे त्यांनी काश्मीरमध्ये नोकरी केली. तेथील निसर्गाने त्यांच्या रंगपेटीला नवी झळाळी दिली. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकाने ते सन्मानित झाले. प्रेक्षकांसमोर झपाट्याने चित्र उभे करण्याचे त्यांचे कौशल्य विलक्षण होते. या एका हातोटीवर त्यांचे सारे आयुष्य सुखाने निभावले असते.

पण हातोटीत अडकणे त्यांना मान्य नव्हते. १९४५ मध्ये शांतिनिकेतनला जाऊन त्यांनी तेथील कलाविचार जाणून घेतला. १९४७-४८ मध्ये अमेरिका आणि युरोपचा प्रवास करून आधुनिक चित्रे प्रत्यक्ष पाहिली. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते चित्रकला शिकवू लागले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख ही तेथे घडलेल्या पिढीतली नावे. याच काळात त्यांनी घनवादाचे प्रयोग केले. १९५५ मध्ये ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांची एक ठाम शैली नाही, अशी टीकाही झाली. नाव झालेले असताना पुन्हा नवशिक्या होण्याची ती किंमत होती.

१९६६ मध्ये अधिष्ठातापदाचा राजीनामा देऊन ते मुंबईत स्थिरावले. येथेच त्यांनी बिंदुवादी शैली आपलीशी केली. दृक्प्रत्ययवादाच्या फटकाऱ्यातून पॅरिसमध्ये जन्मलेला हा ठिपका बेंद्रे यांच्या हाती पडताच त्यात भारतीय खेडे, तेथले ऊन आणि माणसे उमटली. तरुणपणी गिरवलेला धडा त्यांनी अनेक दशकांच्या अनुभवानिशी पुन्हा हाती घेतला होता.

१९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. फेब्रुवारी १९९२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. निसर्गचित्र शिकू पाहणाऱ्यांना त्यांचे आयुष्य एवढेच सांगते, की प्रकाश रोज बदलतो आणि चित्रकाराला रोज नव्याने पाहावे लागते.