देवळालीचे गणितशिक्षक कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. आठ वर्षांचे असतांना ते मातृसुखास अंतरले. वडील कारकून होते. त्यांस फलज्योतिषाचा नाद असे, व त्यांच्या आंकडेमोडीवरून मुलास संख्यांची गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते पदवीधर झाले. पुढील वर्षीं त्यांनीं नाशिकजवळ देवळाली येथें शिक्षकाची नोकरी धरली, व १९६२ पर्यंत तेथेंच विद्यादान केलें.

एक व ती स्वतः ह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या होय. केवळ एकाच्या आंकड्यांनीं बनलेल्या संख्या घ्या. ११ ही मूळ आहे. परंतु १११ हिला ३७ नें व ११११ हिला १०१ नें भाग जातो. असें पुढें जातां जातां एकोणीस एक ओळीनें लिहावे, तेव्हां कोठें पुन्हा मूळ संख्या हातीं लागते. ह्या एकांच्या रांगांचे वर्गही मनोहर असतात: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. अशा संख्यांस कापरेकरांनीं मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून डेमलो हें नांव दिलें.

त्यांचा दुसरा शोध राळेगांवच्या शाळेंतील मुलासही पाटीवर पडताळतां येईल. १५ मध्यें तिचेच आंकडे १ व ५ मिळविले म्हणजे २१ होतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. परंतु २० ह्या संख्येस कोणीच जनक नाहीं. अशा संख्यांस त्यांनीं स्वयंभू म्हटलें, व आपल्या गांवावरून देवळाली संख्या असेंही म्हटलें. ३१, ५३ व ९७ ह्या मूळही आहेत आणि स्वयंभूही.

१९४९ सालीं त्यांनीं ६१७४ चें नवल उघड केलें. ३५२४ घ्या. तिच्या आंकड्यांची सर्वांत मोठी व सर्वांत लहान मांडणी करून वजाबाकी करा: ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेंच केल्यास ८३५२, व तिसऱ्या खेपेस ६१७४. चारही आंकडे सारखे नसले, म्हणजे कोणतीही चार आंकडी संख्या अधिकांत अधिक सात खेपांत येथेंच येऊन थांबते.

तथापि पुष्कळ विद्वानांनीं हे शोध पोरखेळ समजून त्यांची थट्टा केली. कापरेकर खचले नाहींत. ते स्वखर्चानें पुस्तिका छापीत, गणितपरिषदांस जात, व आपलें म्हणणें मांडीत. १९६६ सालीं पत्नी निवर्तली; पुढें निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हां ते शिकवण्या करूं लागले. अखेर १९७५ सालीं मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकानें एका प्रसिद्ध विज्ञानमासिकांत त्यांच्या कार्याची ओळख करून दिली, व देशोदेशीं त्यांचें नांव झालें. १९८६ सालीं ते निवर्तले.

त्यांच्यापाशीं मोठें पद नव्हतें व धनही नव्हतें. कागद, पेन्सिल आणि न थकणारी चिकाटी एवढेंच त्यांचें भांडवल होतें. संख्येचा गुण तो शोधणाराच्या दर्जावर अवलंबून नसतो. थट्टा करणारांचीं नांवें आज कोणाच्या स्मरणांत नाहींत. ६१७४ मात्र जगभर कापरेकरांच्याच नांवानें ओळखली जाते.