फेलिक्स ब्लॉख : पाण्यातला चुंबक शोधायला गेले आणि आजाराचं प्रोटीन पाहायची वाट सापडली

मार्च १९९६. ब्रिटन सरकारनं पहिल्यांदा मान्य केलं की, गाईंना होणारा ‘मॅड काऊ’ आजार बहुधा माणसांपर्यंत पोहोचला आहे. मेंदूची चाळण करणारा हा आजार. त्याच्यामागे ना जिवाणू होता, ना विषाणू. संशय होता तो ‘प्रायॉन’ नावाच्या प्रोटीनवर. हे प्रोटीन आपल्या शरीरातही असतं. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या प्रोटीनचीही घडी बिघडवतं.

पण चुकलेली घडी ओळखायची तर आधी बरोबर घडी कशी असते, हे माहीत हवं ना?

त्याच वर्षी झुरिकच्या ‘ईटीएच’ या संस्थेतल्या कुर्ट व्यूथ्रिख यांच्या टीमनं उंदराच्या निरोगी प्रायॉन प्रोटीनच्या मुख्य भागाची रचना जगासमोर ठेवली. त्यासाठी वापरलेलं तंत्र होतं एनएमआर, म्हणजेच न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स. या तंत्राचा पाया घालणारा माणूस याच शहरात जन्मला होता आणि याच संस्थेत शिकला होता. त्यांचं नाव फेलिक्स ब्लॉख.

इंजिनीअर व्हायला गेले, फिजिक्समध्ये रमले

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ चा. घर ज्यू, वडील धान्याचे व्यापारी. ईटीएचमध्ये त्यांनी प्रवेश घेतला तो इंजिनीअरिंगला, पण लवकरच ते फिजिक्सकडे वळले. पुढे जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ते वर्नर हायझेनबर्ग यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी झाले. स्फटिकातून इलेक्ट्रॉन कसे वाहतात, हे त्यांनी १९२८ च्या प्रबंधात मांडलं. आजचं सेमीकंडक्टरचं शास्त्र त्यावर उभं आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेत आला. ब्लॉख यांनी जर्मनी सोडली. काही काळ रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्यासोबत काम केलं आणि १९३४ मध्ये ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पोहोचले.

तिथे त्यांना एका प्रश्नानं पछाडलं. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, तरी तो चुंबकासारखा वागतो. मग हा चुंबक किती ताकदीचा? लुईस अल्वारेझ यांच्यासोबत त्यांनी ते मोजून दाखवलं.

युद्धात रेडिओ शिकले

दुसऱ्या महायुद्धात ब्लॉख थोडा काळ लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होते. नंतर ते हार्वर्डमध्ये शत्रूचं रडार निकामी करण्याच्या संशोधनात गेले. तिथे रेडिओ लहरींचं तंत्र त्यांच्या हाताखालून गेलं. युद्ध संपताच त्यांनी ते आपल्या जुन्या प्रश्नाला जोडलं.

कल्पना अशी होती. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलं की ते कलत्या भोवऱ्यासारखं डोलतं. त्याच्या डोलण्याच्या वेगाशी जुळणारी रेडिओ लहर सोडली, तर केंद्रकाकडून उलट सिग्नल येतो. विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकार्ड यांच्यासोबत ब्लॉख यांनी साध्या पाण्यातून हा सिग्नल पकडला. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांच्या टीमनं मेणासारख्या पॅराफिनमधून तो पकडला. दोघांचेही निष्कर्ष १९४६ मध्ये छापून आले आणि १९५२ चं फिजिक्सचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

जी अडचण होती, तीच चावी ठरली

ब्लॉख यांना केंद्रकाचा चुंबक अचूक मोजायचा होता. पण १९५० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू या दोघांना एक विचित्र गोष्ट दिसली. अमोनियम नायट्रेटमधला नायट्रोजन एकाऐवजी दोन सिग्नल देत होता. केंद्रक तेच, मग सिग्नल दोन का? कारण भोवतालचे इलेक्ट्रॉन. शेजार बदलला की सिग्नल किंचित सरकतो. फिजिक्सवाल्यांसाठी ही मोजमापातली कटकट होती. केमिस्ट्रीसाठी मात्र खजिना.

१९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्येच अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमधल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. यातले एस. एस. धर्मट्टी भारतीय. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एनएमआर संशोधनाची सुरुवात केली.

इथेनॉलमध्ये तीन सिग्नल, तर प्रोटीनमध्ये शेकडो. एकमेकांत मिसळलेले. ते सोडवायचं तंत्र पुढच्या पिढीनं घडवलं. ब्लॉख यांचे विद्यार्थी वेस्टन अँडरसन यांच्यासोबत रिचर्ड अर्न्स्ट यांनी सिग्नल मिळवण्याची वेगवान पद्धत शोधली. अर्न्स्ट नंतर ईटीएचमध्ये परतले. तिथेच व्यूथ्रिख यांनी कोणता हायड्रोजन कोणाच्या जवळ आहे, हे मोजून प्रोटीनचा आकार काढायची रीत बसवली.

यात प्रोटीनचा स्फटिक करावा लागत नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतानाच तपासता येतं. म्हणूनच पुढे प्रायॉनची एक लांब, सैल शेपटीही लक्षात आली. अशी सतत हलणारी शेपटी स्फटिकात सहसा दिसत नाही.

वर्तुळ पूर्ण झालं, पण...

ब्लॉख १९५४ मध्ये युरोपातल्या ‘सर्न’ या संस्थेचे पहिले महासंचालक झाले, पण वर्षभरात स्टॅनफर्डला परतले. १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांत, त्याच शहरातून व्यूथ्रिख यांच्या टीमनं एनएमआरनं काढलेली एका प्रोटीनची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. ते पाहायला ब्लॉख नव्हते.

अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये आणि व्यूथ्रिख यांना २००२ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आज प्रायॉनपासून पार्किन्सन्स, अल्झायमरशी जोडलेल्या प्रोटीनपर्यंत सगळ्यांचा अभ्यास एनएमआरनं होतो. हॉस्पिटलमधला एमआरआयही याच तत्त्वावर चालतो.

ब्लॉख यांनी यातल्या एकाही आजारावर संशोधन केलं नव्हतं. याचा उपयोग काय, असं पाण्यातल्या त्या सिग्नलबद्दल १९४६ मध्ये कुणी विचारलं असतं, तर प्रायॉनचं नाव कुणालाच घेता आलं नसतं. ते नाव तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं.