राज्य गेलं, पत्ते राहिले

चोरखमाऱ्याच्या गेटमधून नागझिऱ्यात शिरणाऱ्याची नजर वाघ शोधत असते, पळसाकडे कोण बघतं? पण याच झाडाच्या फांदीवर एक इवलासा किडा चिकट थर सोडतो. तीच लाख. आपल्या गोंदिया जिल्ह्यात ती निघते. आणि महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीत, लाखेच्या कामामुळे एका राजाचं नाव आजही निघतं: शिवरामराजे भोसले.

जन्म १९२७चा. वडील बापूसाहेब महाराज १९३७मध्ये गेले, तेव्हा दहा वर्षंही पूर्ण नव्हती. गादी मुलाची, कारभार आई पार्वतीदेवींकडे. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं. म्हणजे आपण डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असतो त्या वयात यांचं राजेपण संपलंसुद्धा! पुढे आमदारकी, शिक्षणसंस्थेचं काम. हे इतर माजी राजांनीही केलं. त्यांची खरी गोष्ट गंजिफाची आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १० रंग, प्रत्येकात १२ पत्ते, एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं. दुर्री असेल तर दोन मासे, दश्शी असेल तर दहा. वरून लाखेचा हात, म्हणजे चकाकी आणि टिकाऊपणा. नियम तर भारीच: दिवसा खेळाल तर डावाची सुरुवात रामवाला करणार, रात्री कृष्णवाला.

छापील बावन्न पत्ते स्वस्त मिळायला लागले आणि हा खेळ मागे पडला. खेळणारे नाहीत तर रंगवणार कोणासाठी? हे काम येणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. ते गेले असते तर हातातली विद्याही गेली असती. शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी या कारागिराकडून स्वतः काम शिकले. अनुदान जाहीर करून मोकळं होणं सोपं होतं. माजी राजाने शिकाऊ म्हणून बसणं मला जास्त मोठं वाटतं.

लाखकाम म्हटलं की जगात आधी जपान आठवतं. काळ्या पेटीवर सोन्याच्या भुकटीने काढलेलं गवत, लाटा, चंद्र. तिथला रोगण झाडाच्या चिकापासून होतो, आपली लाख किड्याची. पण निसर्ग चित्रात आणायची हौस दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की आपले मासे-कासवं हातात घेऊन पिसायची असतात.

१९७१मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. शिवरामराजे १९९५मध्ये गेले. सत्त्वशीलादेवींनी २०१८पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, हे काम सांभाळलं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये आता कारागीर बसतात, समोर रंगाच्या वाट्या, हातात बारीक ब्रश.