बोटांनी ऐकणाऱ्या डॉक्टर

डॉक्टर रोग्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि हृदयाचे ठोके ऐकतात. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ज्या डॉक्टरांना ऐकूच येत नाही, त्यांनी हृदयाची तपासणी कशी करावी? डॉ. हेलन टॉसिग यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी त्याचे उत्तर शोधले. एवढेच नव्हे, तर हजारो मुलांना जीवदान देणारा मार्गही त्यांनी दाखवला.

हेलन टॉसिग यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज या शहरात झाला. त्यांचे वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात पुस्तकांची कमतरता नव्हती. पण छोट्या हेलनला वाचताच येत नसे. अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे उलटसुलट होत. शाळेत तिला फार कष्ट पडत. वडिलांनी मात्र कधी राग केला नाही. ते रोज तिला जवळ घेऊन बसत आणि शांतपणे वाचून घेत. हेलन अकरा वर्षांची असताना तिची आई क्षयरोगाने वारली. पुढे हेलनलाही क्षयाची बाधा झाली. आजारपणामुळे तिची शाळा काही काळ अर्धवट राहिली. तरीही तिने शिक्षण सोडले नाही. १९२१ मध्ये ती पदवीधर झाली.

आता हेलन यांना डॉक्टर व्हायचे होते. घराजवळच हार्वर्डचे प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालय होते. पण त्या काळी तेथे स्त्रियांना पदवी देत नसत. हेलन यांना एका विषयाच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, तीही मुलांपासून दूर, एका कोपऱ्यात. नंतर त्या बोस्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकू लागल्या. तेथील एका प्राध्यापकांनी त्यांची हुशारी ओळखली. त्यांनी हेलन यांच्या हाती बैलाचे हृदय दिले आणि त्याचा अभ्यास करायला सांगितले. तेव्हापासून हृदय हाच हेलन यांच्या अभ्यासाचा विषय झाला. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकीय पदवी देत असे. हेलन तेथे गेल्या आणि १९२७ मध्ये डॉक्टर झाल्या.

१९३० मध्ये त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातील बालहृदयरोग विभाग डॉ. टॉसिग यांच्याकडे सोपवण्यात आला. याच काळात त्यांना कमी ऐकू येऊ लागले. हृदयाच्या डॉक्टरला यापेक्षा मोठे संकट कोणते? पण त्या डगमगल्या नाहीत. कानाला यंत्र लावून त्या रोग्यांशी बोलत. मुलाच्या छातीवर अलगद बोटे ठेवून त्या हृदयाची धडधड आणि थरथर ओळखत. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर त्या हृदयाचा आकार निरनिराळ्या बाजूंनी पाहत. हृदयालेख तपासत. सर्व गोष्टींची बारकाईने नोंद ठेवत. एखादे मूल दगावले, तर त्याच्या हृदयात कोणता दोष होता हे शवविच्छेदनात पाहत आणि आपले निदान बरोबर होते की चूक, हे पडताळून घेत.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये काही मुले निळी दिसत. त्यांचे ओठ निळे, नखे निळी. थोडे चालले तरी ती धापा टाकत आणि उकिडवी बसत. लोक त्यांना निळी बाळे म्हणत. या मुलांच्या हृदयात जन्मापासूनच दोष असत. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असे आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असे. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसांत पोहोचत नसे आणि त्याला प्राणवायू मिळत नसे. प्राणवायू कमी असलेले रक्त शरीरात फिरे. म्हणून ही मुले निळी दिसत. त्यांच्यावर काहीही उपाय नव्हता. बरीच मुले लहानपणीच मरण पावत. आईबाप मोठ्या आशेने येत आणि डॉक्टरांना मान खाली घालावी लागे.

डॉ. टॉसिग यांनी एक गोष्ट हेरली. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा ते श्वास घेत नाही. त्या वेळी त्याच्या हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक लहान नळी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती आपोआप बंद होते. ज्या निळ्या बाळांची ही नळी उघडी राही, ती बरी असत. नळी बंद झाली की त्यांची प्रकृती ढासळे. याचा अर्थ स्पष्ट होता. त्या नळीतून फुप्फुसांना जादा रक्त मिळत होते. मग शस्त्रक्रिया करून अशी नवी नळी तयार करता येणार नाही का? घरातला एक नळ तुंबला, तर कारागीर दुसरीकडून जोड देऊन पाणी आणतो. तसेच रक्तही आणता येईल, असे त्यांना वाटले.

बोस्टनमधील डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये एका मुलीच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी शस्त्रक्रियेने बंद केली होती. डॉ. टॉसिग त्यांच्याकडे गेल्या. पण नळी नव्याने तयार करण्याची कल्पना त्यांनी मनावर घेतली नाही. डॉ. टॉसिग निराश होऊन परत आल्या, तरी त्यांनी विचार सोडला नाही. १९४१ मध्ये डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक हे शल्यविशारद जॉन्स हॉपकिन्समध्ये आले. डॉ. टॉसिग यांनी त्यांच्यापुढे आपली कल्पना मांडली आणि त्यांनी ती स्वीकारली.

डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे एक कृष्णवर्णीय सहायक होते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. सुतारकाम करून त्यांनी शिक्षणासाठी पैसे साठवले होते. पण बँक बुडाली आणि ते पैसेही बुडाले. त्यांचे हात मात्र अतिशय कुशल होते. त्यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले आणि रक्तवाहिन्या जोडण्याची रीत बसवली. एवढे नाजूक काम करणाऱ्या या माणसाची कागदोपत्री नोंद कित्येक वर्षे झाडलोट करणारा कामगार अशी होती.

२९ नोव्हेंबर १९४४ हा दिवस उजाडला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पंधरा महिन्यांची एक मुलगी होती. तिचे वजन पाच किलोसुद्धा नव्हते. डॉ. ब्लॅलॉक शस्त्रक्रिया करत होते. त्यांच्या मागे उभे राहून थॉमस त्यांना मार्गदर्शन करत होते. डॉ. टॉसिग मुलीकडे लक्ष ठेवून होत्या. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीला जोडण्यात आली. मुलगी वाचली आणि तिची प्रकृती सुधारू लागली. पण काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडली. दुसरी शस्त्रक्रिया केली, तरी ती वाचू शकली नाही. त्याआधीच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्या यशस्वी ठरल्या होत्या. त्यांतील एक सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

ही बातमी जगभर पसरली. दूरदूरच्या देशांतून आईबाप आपली मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. १९४७ मध्ये डॉ. टॉसिग यांनी हृदयाच्या जन्मजात दोषांवर मोठा ग्रंथ लिहिला. अनेक तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकले. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना त्या विसरत नसत. ती मुले मोठी झाली तरी त्या त्यांची विचारपूस करत आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवत.

१९६२ मध्ये त्यांना एक वाईट बातमी समजली. जर्मनीत हातपाय अर्धवट वाढलेली अनेक मुले जन्माला येत होती. त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्यांनी चौकशी केली. गरोदरपणी थॅलिडोमाइड हे औषध घेतल्यामुळे असे होत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी लेख लिहिले, भाषणे दिली आणि अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. डॉ. फ्रान्सेस केल्सी या सरकारी अधिकारी स्त्रीने ते औषध अमेरिकेत विकण्यास आधीच परवानगी नाकारली होती. त्याच वर्षी तेथे औषधांच्या तपासणीचा कडक कायदा झाला.

डॉ. टॉसिग १९५९ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाल्या होत्या. १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना सर्वोच्च नागरी सन्मान दिला. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन थांबले नाही. उतारवयात त्या पक्ष्यांच्या हृदयाचा अभ्यास करत होत्या. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

१९४५ मध्ये या शस्त्रक्रियेची माहिती छापून आली, तेव्हा त्यात थॉमस यांचे नाव नव्हते. शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचेच नाव मिळाले. १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने थॉमस यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती शस्त्रक्रिया सुधारलेल्या स्वरूपात आजही केली जाते आणि आता अनेक डॉक्टर तिचा उल्लेख तिघांच्या नावाने करतात. एकीने मुलांचे दुःख जाणले आणि उपाय सुचवला. दुसऱ्याने धैर्याने शस्त्र हाती घेतले. तिसऱ्याने आपल्या कुशल हातांनी वाट तयार केली. तिघे एकत्र आले, म्हणून निळे ओठ गुलाबी झाले.